नऊ हजार नऊशेचा फंडा

‘९९०० एमएएच’! बोटभर लांबीच्या लिथियम सेलवर एवढा मोठ्ठा आकडा दिसला की हात आपोआप पाकिटाकडे जातो. नाईट शिफ्टवाल्यांना तर विचारूच नका. रात्री साडेबाराला कॅब बुक करायची, घरी ‘निघाले’ म्हणून कळवायचं आणि नेमकी तेव्हाच फोनने मान टाकायची! म्हणूनच आकडा खरा की खोटा, हा प्रश्न फक्त पैशांचा नाही.

पॉवर बँकेत, टॉर्चमध्ये सर्रास दिसणाऱ्या या सेलचं नाव १८६५०. म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. या मापात नामांकित कंपन्यांचे दमदार सेलही साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असतात. मग ९९०० आले कुठून? छापखान्यातून!

खात्री करणं सोप्पं आहे. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, तिथे कपॅसिटी मोजणारा चार्जर विचारा. सेल आधी ४.२ व्होल्टपर्यंत फुल चार्ज करायचा. तासभर आराम द्यायचा. मग ठरावीक करंटने रिकामा करायचा आणि २.८ व्होल्टला थांबायचं. करंट गुणिले तास, की झाली कपॅसिटी. घाईघाईत, जास्त करंटने रिकामा केला तर आकडा कमी येतो, म्हणून पाच तास चालेल असा संथ करंट बरा.

या लेखासाठी मी असा एक ‘९९००’वाला सेल मुद्दाम मागवला. ५०० मिलिअँपिअरवर तो चालला जेमतेम १ तास ५४ मिनिटं. हिशेब करा: ९५० एमएएच! सोबत जुन्या लॅपटॉपमधला २६०० चा सेल लावला होता. तो ४ तास १२ मिनिटं टिकला, म्हणजे २१००. म्हातारा झाला, पण खोटं बोलला नाही.

पॉवर बँकेचं गणित मात्र जरा वेगळं. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. यूएसबीतून ५ व्होल्ट बाहेर पडतात, तेव्हा तेच होतात ७४००, आणि उष्णतेत जातं ते वेगळंच. ही फसवणूक नाही. खरा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बारीक अक्षरात लिहिलेला असतो.

आणि हो, फुगलेला किंवा सोललेला सेल मोजायच्या फंदात पडू नका. टेस्ट चालू ठेवून झोपूही नका. नवीन पॉवर बँक घेताना मोठा आकडा सोडा, बारीक अक्षरं वाचा. रात्री घरी पोचवणार आहेत ती तीच!