नक्षत्रांच्या म्हणी आणि आजची पिके



रोहिणी संपत आली की पारावर एकच विषय असतो. मृग कधी निघतो आणि यंदा त्याचे वाहन कोणते? मृगात पेरले तेच खरे पेरले, स्वाती पडल्या तर मोती पिकतात, या गोष्टी आपण आजोबांच्या तोंडून ऐकल्या आणि तशाच मुलांना सांगितल्या. या म्हणी टाकाऊ आहेत असे मुळीच नाही. हवामानाचे बुलेटिन नव्हते त्या काळात पिढ्यान्‌पिढ्या आभाळ पाहून लोकांनी त्या जुळवल्या. पण म्हण निघते एका मुलखातल्या एखाद्या पिकाच्या अनुभवातून, आणि पुढे ती सगळ्या मुलखाला, सगळ्या पिकांना लावली जाते. घोटाळा होतो तो तिथे.

आधी नक्षत्र म्हणजे काय ते पाहू. सूर्य वर्षभरात 27 नक्षत्रांतून फिरतो, म्हणजे एकेका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. म्हणून मृग दरवर्षी 7-8 जूनलाच निघतो, हस्त 27 सप्टेंबरच्या आसपास आणि स्वाती 24 ऑक्टोबरच्या आसपास. याचा अर्थ असा की ‘मृग निघाला’ म्हणणे आणि ‘8 जून उजाडला’ म्हणणे यात फरक नाही. तारखेला पाऊस बांधलेला नसतो, तसा तो नक्षत्रालाही नसतो. शिवाय इंग्रजी तारखेच्या हिशेबाने हे नक्षत्रप्रवेश 72 वर्षांत सुमारे एक दिवस पुढे सरकतात. पाचशे वर्षांपूर्वीचा मृग आजच्यापेक्षा सुमारे आठवडाभर आधी निघत होता.

गेल्या काही वर्षांतला पाऊसच पाहा. 2023 साली मोसमी पाऊस 11 जूनला दक्षिण कोकणात आला आणि तिथेच अडकला. मुंबईत तो पोहोचला 25 जूनला, तोवर मृग संपून आर्द्रा लागली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2025 मध्ये, तो 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला, म्हणजे रोहिणी नुकतीच लागलेली असताना. मात्र मे अखेरीस त्याची वाटचाल थांबली ती थेट जूनच्या मध्यापर्यंत. त्या पहिल्या सरींवर ज्यांनी तिफण धरली त्यांना पुढचे दोन आठवडे कसे गेले असतील, ते वेगळे सांगायला नको.

मृगाच्या पेरणीत तथ्य आहे, ते वेळेवर पेरण्याचे. खरीप ज्वारी पाऊस सुरू झाल्यावर आठवडाभरात पेरली तर खोडमाशीच्या तडाख्यातून बरीच सुटते. मूग-उडदाला उशीर झाला की उत्पादन घटते. पण म्हण जुळली तेव्हा शिवारात ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा अशी पिके होती. आज त्याच शिवारात सोयाबीन आहे. सोयाबीनच्या दाण्याला उगवण्यासाठी आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी शोषावे लागते, ज्वारी-मक्याला त्याहून बरेच कमी लागते. पंचवीस-तीस मिमीच्या एका सरीने काळ्या जमिनीचा वरचा थर तेवढा भिजतो. दाणा फुगतो, मोड येतो, मूळ खाली जाते आणि तिथे कोरडी, तापलेली माती लागते. असे मोड आलेले बियाणे उघडिपीत मेले की पुन्हा जीव धरत नाही. एकरी 30 किलोची पिशवी, खत आणि पेरणीची मजुरी मातीत जाते आणि दुबार पेरणीसाठी दुकानदाराच्या दारात उभे राहावे लागते.

म्हणून शिफारस अशी की 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर वापशावर सोयाबीन पेरावे आणि बी 3 ते 5 सेंमीपेक्षा खोल जाऊ देऊ नये. रानात तीन-चार ठिकाणी कुदळीने खणून ओल किती खोल गेली ते डोळ्यांनी पाहावे. मृग निघाला म्हणून घाई नको, तसा मृग सरला म्हणून जीव टांगणीलाही लावू नये. सोयाबीनची पेरणी 15 जुलैपर्यंत करता येते.

मोती कोणाच्या रानात?

‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते, कारण ती अगदी खरी आहे आणि तरीही ती आज अनेकांना बुडवते. सोलापूर, बीड, अहिल्यानगर भागातल्या खोल काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान पेरतात. स्वाती लागतात तेव्हा पीक साधारण एक ते साडेपाच आठवड्यांचे असते. पुढे पाऊस नाही, विहिरीचे पाणी नाही. कणीस भरेपर्यंत ज्वारीला जमिनीत साठलेल्या ओलीवरच जगायचे असते. अशा वेळी एक चांगला पाऊस झाला तर मालदांडीचा दाणा खरोखर मोत्यासारखा टपोरा भरतो. म्हणीतले मोती ते हेच. ज्याने ती रचली त्याच्या डोळ्यांपुढे कोरडवाहू ज्वारी होती.

आता हाच पाऊस दुसऱ्या रानात पडू द्या. सोयाबीन कापून गंजी लावलेली आहे, ती भिजते, दाणे काळे पडतात, शेंगेतच मोड येतात. कपाशीची बोंडे फुटलेली आहेत, कापूस भिजून पिवळा पडतो आणि भाव उतरतो. नाशिक-सांगलीकडे ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा कोवळ्या फुटीत किंवा फुलोऱ्यात आहेत, तिथे डाऊनी आणि घडकूज येते. कोकणात कापलेले भात खाचरात आडवे पडलेले असते.

2019 च्या ऑक्टोबरअखेर नेमके हेच झाले. अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे आली, राज्यभर पाऊस लांबला. नक्षत्र स्वातीच होते. सोयाबीन, कापूस, भात, द्राक्षे या सर्वांचे अतोनात नुकसान झाले. त्या वर्षी गंजीवर ताडपत्री टाकताना ही म्हण कोणाच्या ओठावर आली असेल असे वाटत नाही.

तेव्हा स्वातीच्या पावसाकडे मोती म्हणून पाहायचे की संकट म्हणून, हे आपल्या रानातल्या पिकावरून ठरवा. सोयाबीन असेल तर गंजी उंचवट्यावर लावा, झाकण्याची सोय कापणीआधीच करून ठेवा आणि मळणी लांबणीवर टाकू नका.

भाताच्या म्हणीची गंमत वेगळीच. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ असे काही भागांत म्हणतात, तर काही भागांत उत्तराच्या जागी चित्रा येते. अर्थही दोन लावतात. एक म्हणतो, भात इतका उदंड होईल की कुत्रेही तोंड लावणार नाही. दुसरा म्हणतो, भात असा कुजेल की कुत्राही खाणार नाही! उत्तरा म्हणजे सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. तेव्हा गरवे भात पोटरीत-निसवणीत असते आणि त्याला पाणी हवेच असते. चित्रा म्हणजे ऑक्टोबरचा मध्य, तेव्हा हळवे आणि निमगरवे भात कापणीला आलेले असते आणि पाऊस त्याला आडवे करतो. पण कुत्र्याशी यमक दोघांचेही जुळते. यमक जुळले म्हणून शास्त्र जुळत नाही.

वाहनाबद्दल फार लिहीत नाही. पंचांगात बेडूक, म्हैस, हत्ती असे एकच वाहन रत्नागिरीलाही असते आणि माणदेशालाही. दोन्हीकडे पाऊस कसा पडतो ते आपण जाणताच.

आपल्या शिवाराचा पाऊस आपणच मोजावा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तोंड आणि बूड सारख्या रुंदीचा, सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा एक डबा घ्या. झाडापासून, पागोळ्यांपासून लांब, मोकळ्यावर तो हलणार नाही असा ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरून पाणी किती मिमी आहे ते पाहा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. एक मिमी म्हणजे एकरावर सुमारे 4,000 लिटर पाणी. तारीख, पाऊस, कोणते पीक, कोणत्या अवस्थेत आणि त्याचे पुढे काय झाले, एवढे रकाने पुरेत. नक्षत्राचा रकाना ठेवायचा असेल तर तोही जरूर ठेवा. पाच-सात वर्षांनी वही उघडली की आपल्या गावापुरती कोणती म्हण टिकते ते आपल्यालाच वाचता येईल.