वाट वेगळी, फाइल तीच: सिम्बॉलिक लिंकची चाचणी कशी लिहायची?

समजा, तुमचा सी भाषेतला प्रोग्रॅम प्रयोगाच्या डेटा-फाइल्स वाचून सरासरी काढतो. मूळ फाइल एका फोल्डरमध्ये आहे आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये तिची सिम्बॉलिक लिंक आहे. दोन्ही वाटा एकाच फाइलकडे जातात हे प्रोग्रॅमला कळलं नाही, तर एकच नमुना दोनदा मोजला जातो. एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं.

सिम्बॉलिक लिंक म्हणजे दुसऱ्या जागेचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. अशा सगळ्या चिठ्ठ्या सोडवून खरा, पूर्ण पत्ता देण्याचं काम सी लायब्ररीतलं रिअलपाथ हे फंक्शन करतं. पॉझिक्स मानकात त्याचं वर्णन आहे, पण ते प्रत्यक्षात लिहिणारे वेगवेगळे आहेत. म्हणून लिनक्सवर पास झालेली चाचणी दुसरीकडे नापास होऊ शकते. तीन उदाहरणं बघू.

१. तात्पुरता फोल्डर. चाचण्या बहुधा 'टीएमपी' फोल्डरमध्ये फाइल बनवतात आणि उत्तरही '/टीएमपी/…' असंच यावं अशी अपेक्षा ठेवतात. मॅकओएसवर हा फोल्डर स्वतःच एक लिंक आहे. खरी जागा 'प्रायव्हेट' फोल्डरच्या आत असते. रिअलपाथ बरोबर उत्तर देतं, तरी चाचणी नापास! इथे चुकीची आहे ती अपेक्षा.

२. दोन टिंबं. '/घर/चालू' ही लिंक '/डेटा/जून' कडे जाते असं धरा. मग '/घर/चालू/..' म्हणजे काय? नुसती अक्षरं खोडली तर उत्तर '/घर'. लिंक आधी सोडवली तर '/डेटा'. पॉझिक्सच्या नियमाने दुसरं उत्तर बरोबर. विंडोज मात्र फाइल उघडण्याआधीच टिंबं अक्षरांच्या पातळीवर खोडून टाकतं. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत रिअलपाथ नाहीच. पूर्ण पत्ता देणारं तिथलं 'फुलपाथ' फंक्शन लिंक सोडवत नाही.

३. लिंकची साखळी. क कडून ख कडे, ख कडून परत क कडे, असं चक्र असेल तर फंक्शनने थांबून एरर द्यायला हवी. त्यासाठी लिनक्सवर ४० आणि मॅकओएसवर ३२ लिंकची मर्यादा आहे. पॉझिक्स हमी देतं ती फक्त ८ ची. मग ३५ लिंकची साखळी 'चाललीच पाहिजे' अशी चाचणी लिहिली, तर आपण तपासतोय ते लिनक्स, मानक नव्हे.

कर्नल तोच असला तरी लायब्ररी बदलली की फरक पडतो. लिनक्सवरच्या मसल लायब्ररीच्या १.२.२ च्या आधीच्या आवृत्त्यांत रिअलपाथ 'प्रॉक' फाइल सिस्टिमवर अवलंबून होतं. ती माउंट केलेली नसेल, तर फंक्शन चालत नसे.

मग अपेक्षित उत्तर आणायचं कुठून? आपल्या मशीनवर आलेलं उत्तर कॉपी करून चाचणीत चिकटवू नका. त्याऐवजी उत्तराचे गुणधर्म तपासा:

- पत्ता मुळापासून सुरू होतो का?
- त्यात एक किंवा दोन टिंबांचा तुकडा उरलाय का?
- वाटेतला एखादा टप्पा अजून लिंकच आहे का?
- मूळ वाटेने आणि नव्या पत्त्याने गेल्यावर डिव्हाइस आणि आयनोड क्रमांक तेच मिळतात का?

हे चारही प्रश्न कुठल्याही पॉझिक्स सिस्टिमवर तसेच लागू पडतात. शेवटचा प्रश्न सुरुवातीच्या अडचणीतही कामाला येतो. हार्ड लिंक असेल तर दोन्ही पत्ते खरेच असतात, रिअलपाथ त्यांना एक करू शकत नाही. म्हणून 'फाइल तीच का?' हे ठरवताना पत्ते नव्हे, हे दोन क्रमांक जुळवा.

चाचणीशास्त्रात याला 'ऑरॅकल प्रॉब्लेम' म्हणतात: उत्तर बरोबर आहे हे कशाच्या आधारावर ठरवायचं? तो आधार तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममधूनच आला, तर आपण काहीच तपासलेलं नसतं. तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक आकड्याला हाच प्रश्न विचारून बघा.