पहिले मल्टिप्लायर रीळ : लांब फेकण्याआधी आवरायला शिका

तीन वर्षांपूर्वी रमजान ईदला आमचे थोरले भाईजान कुवेतहून आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत आमच्यासाठी एक चकचकीत मल्टिप्लायर रीळ होते. आम्ही धाकटे दोघे भाऊ लहानपणापासून रत्नागिरीच्या खडपांवर गरवत आलो; आधी हाताने फेकायच्या दोऱ्याने, पुढे साध्या स्पिनिंग रिळाने. नवे रीळ मिळाले आणि आम्हाला धीर धरवला नाही. दुसऱ्याच दिवशी अस्रनंतर खडपावर गेलो. पहिलीच फेक अंगातला सगळा जोर लावून केली. रीळ गरगरले, दोरा फुगला, घरट्यासारखा गुंतला आणि ताडकन तुटला. सुटलेले शिसे आडवे उडाले आणि शेजारी उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पुतण्यापासून दोन हातांवर कातळावर आदळले.

अल्लाहने वाचवले. त्या संध्याकाळी आम्ही कोणी फारसे बोललो नाही. रीळ कपाटावर गेले आणि वर्षभर तिथेच धूळ खात पडले. ते खाली काढले तेव्हा कळले की दोष रिळाचा नव्हताच. नवे जनावर वेसण न घालता आम्ही थेट रस्त्यावर आणले होते. आज आखातातून, मुंबईच्या बाजारातून अशी रिळे अनेक घरांत येतात. म्हणून आमच्या चुकांतून जे शिकलो ते इथे देत आहोत.

हे रीळ वेगळे कसे?

स्पिनिंग रिळाची दोऱ्याची चकरी फेकताना स्थिर असते. दोरा तिच्या कडेवरून सुटत जातो. मल्टिप्लायरमध्ये चकरी स्वतःच फिरते. मूठ एकदा फिरवली की आतल्या दातेरी चाकांमुळे चकरी चार-पाच वेळा फिरते, म्हणून हे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकीच्या घड्याळजींनी अशी रिळे नावारूपाला आणली. आतले काम घड्याळासारखे नाजूक असते, हे त्यावरून ध्यानात यावे.

फायदा असा की दोरा सरळ येतो, पिळत नाही, आणि मोठा मासा ओढताना ताकद मिळते. अडचण एकच. फेकलेले शिसे हवेत मंदावते, पण चकरी त्याच वेगाने फिरत राहते. बाहेर जाणाऱ्या दोऱ्यापेक्षा सुटणारा दोरा जास्त झाला की गुंता ठरलेला. या रिळाची सगळी जुळवणी या एका गोष्टीसाठी असते.

निवडताना

किनाऱ्यावरून फेकायला मोठे, जड रीळ घेऊ नका. ते होडीतून खोल पाण्यात सोडण्यासाठी असते. 0.35 मिलिमीटर जाडीचा सुमारे 200 मीटर तंगूस मावेल एवढे लहान रीळ पुरते. चकरी धातूची असावी. मूठ हलवून पाहावी, डुगडुगत असेल तर ठेवून द्यावी. चकरी मोकळी फिरवून कानाजवळ धरावी. करकर ऐकू आली तर आत मीठ किंवा गंज आहे. जुने रीळ घेताना स्क्रूभोवतीची हिरवी-पांढरी पूड पाहायला विसरू नका.

काही रिळांवर दोरा आपोआप सारखा पसरवणारी सरकती कडी असते. तिच्यामुळे फेक थोडी आखूड पडते, पण नवशिक्याने ती असलेलेच घ्यावे. नाहीतर दोरा अंगठ्याने डावीकडे-उजवीकडे पसरवावा लागतो, आणि रात्री मासा लागल्यावर ते भान राहत नाही.

आणखी एक. मल्टिप्लायरची मूठ स्पिनिंग रिळासारखी काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. घरात डावखुरा कोणी असेल तर आधीच विचारून घ्या. सगळे पैसे रिळावर उडवू नका. चांगला तंगूस आणि लीडर यासाठी काही राखून ठेवा.

दोरा भरताना

सुरुवातीला नायलॉनचा तंगूसच घ्या. विणलेला बारीक दोरा चकरीत रुततो, गुंतला तर सुटता सुटत नाही आणि बोट कापतो.

दोरा भरायचे काम दोघांचे आहे. आमच्या घरी तंगुसाच्या गुंडीत पेन्सिल घालून ती अम्मी धरते, आम्ही ओल्या फडक्याच्या चिमटीतून दोरा घेत मूठ फिरवतो. सैल भरलेला दोरा पुढे हमखास गुंततो. चकरी काठोकाठ भरू नका. कडेच्या खाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा.

शिशाच्या धक्क्यासाठी लीडर

आमच्या पहिल्या दिवशीची खरी चूक इथे होती. फेकताना शिशाचा जो झटका बसतो तो बारीक तंगुसाला सोसत नाही. म्हणून पुढे जाड तंगुसाचा तुकडा बांधतात, त्याला लीडर म्हणतात. हिशोब सोपा आहे: शिशाच्या दर 28 ग्रॅमला साडेचार किलो ताकद. म्हणजे 112 ग्रॅमच्या शिशाला 18 किलो ताकदीचा लीडर हवा. आम्ही सात किलोच्या तंगुसाला तेवढेच शिसे थेट बांधले होते!

लीडरची लांबी काठीच्या दुप्पट ठेवा आणि त्याशिवाय चकरीवर सहा-सात वेढे बसतील एवढा जास्त घ्या. जोडाची गाठ चकरीच्या कडेला येऊ द्या. ती मधोमध आली तर फेकताना अंगठा सोलवटते. प्रत्येक वेळी निघण्याआधी गाठ आणि त्यापुढचा दोरा बोटांनी चाचपून पाहा. खडपावर घासलेला तुकडा दिसला की कापून टाका. चार हात दोऱ्याची कंजुषी करू नका.

ब्रेक आधी घट्ट, मग सैल

रिळाच्या बाजूला एक गोल बटण असते, ते चकरी आवळते. काठी आडवी धरून, शिसे टोकाला लटकवून चकरी मोकळी करा. शिसे हळूहळू खाली यावे आणि जमिनीला टेकताच चकरी थांबावी, इतके बटण आवळा. झाकणाआड छोटे सरकते ठोकळे किंवा चुंबक असतात, तेही सुरुवातीला पूर्ण लावून ठेवा. फेक आखूड पडेल, पडू द्या. सलग वीस फेकी गुंत्याशिवाय झाल्या की एक ठोकळा कमी करा किंवा चुंबक एक घर मागे घ्या. एका दिवसात दोन बदल करू नका.

मुठीजवळचे चांदणीच्या आकाराचे चाक मासा ओढत असताना दोरा किती जोराने सुटावा हे ठरवते. दोऱ्याचे टोक ताणकाट्याला बांधून ओढा. तंगुसाच्या ताकदीच्या एक तृतीयांशावर दोरा सुटायला हवा. सात किलोच्या तंगुसाला दोन किलोच्या आसपास.

सराव पुळणीवर, खडपावर नाही

मिरकरवाड्याचे एक बुजुर्ग चाचा आम्हाला म्हणाले, “बाबांनो, आधी गळ काढून ठेवा आणि शिसे वाळूत फेकायला शिका. मासे कुठे पळून जात नाहीत.” त्यांचे ऐकून आम्ही भाट्याच्या पुळणीवर फजरनंतर जाऊ लागलो. त्या वेळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे पाठीमागून मदत करतो. दुपारी खारा वारा सुटतो, तो तोंडावर येऊन शिसे अडवतो आणि गुंते वाढवतो.

अंगठा चकरीवर दाबून धरा. झटका न देता, अर्ध्याच जोराने काठी पुढे आणा आणि अंगठा उचला. पण दूर नेऊ नका, दोरा फुगताना दिसला की हलकेच टेकवा. शिसे पाण्याला लागते त्याच क्षणी चकरी अंगठ्याने थांबवा. शेवटचे हे थांबवणे विसरल्यामुळे आमचे निम्मे गुंते झाले. फेकण्याआधी मागे आणि दोन्ही बाजूंना पाहायचे, हा नियम कधीही मोडायचा नाही.

घरी आल्यावर

मीठ हा रिळाचा दुश्मन. गोड्या पाण्याने हलकेच धुवा; नळाची जोरदार धार मीठ आणखी आत ढकलते. फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, चांदणीचे चाक सैल करून ठेवा आणि अधूनमधून बेअरिंगला तेलाचा एक थेंब द्या.

गेल्या हिवाळ्यात त्या रिळावर आम्हाला पहिला मासा लागला. जिताडा नाही, रावस नाही, एक मध्यम शेंगाळा. काटे सांभाळत पुतण्यानेच तो गळातून सोडवला. रात्री कालवणात सगळ्यांच्या वाट्याला एकेक तुकडा आला आणि भाईजानला कुवेतला फोटो गेला. आता तो पोरगा तेरा वर्षांचा आहे. आम्ही काठी उचलली की आधी गाठ चाचपतो, चौफेर पाहतो आणि मग सांगतो, “चाचा, बाजूला कोणी नाही, फेका.” तो सांगेपर्यंत आम्ही अंगठा उचलत नाही.