पुण्यातला पिस्तुलाचा परवाना बेळगावात चालतो का?

समजा, बिबवेवाडीतून तुम्ही बेळगावला लग्नाला निघालात. कागल मागे पडलं, निपाणी आलं, म्हणजे कर्नाटक सुरू. गाडीचं लायसन्स इथेही चालतं. पण सोबत परवान्याचं पिस्तूल असेल तर?

उत्तर परवान्यावरच असतं. शस्त्र कायदा, 1959 देशभर एकच आहे. पण परवाना कोणत्या क्षेत्रात चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. त्यावर फक्त ‘महाराष्ट्र’ असेल, तर तो राज्याच्या हद्दीपर्यंतच. ‘संपूर्ण भारत’ असेल तरच सगळीकडे. ही मुभा सरसकट मिळत नाही. क्षेत्र वाढवण्यासाठी कारण देऊन वेगळा अर्ज करावा लागतो.

अमेरिकेत काय?
तिथे राज्यागणिक कायदे वेगळे. काही राज्यं एकमेकांचे परवाने मानतात, काही मानत नाहीत.

शस्त्र दिसलं तर चालतं?
नाही. शस्त्र नियम, 2016 नुसार सार्वजनिक ठिकाणी ते पूर्ण झाकलेलं हवं. कमरेचं पिस्तूल दाखवणारी रील म्हणूनच महागात पडू शकते.

आणि लग्नात हवेत गोळीबार?
2019 च्या दुरुस्तीनंतर, इतरांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना असला तरीही.

थोडक्यात, निघण्याआधी परवान्यावरचं क्षेत्र आणि मुदत वाचा. हद्दीबाहेर जायचं असेल, तर पिस्तूल सोबत नेऊ नका.