पहिला बल्ब वीज खातो काय?

पेण तालुक्यातील ज्या शाळेत मी विज्ञान शिकवितो, तिच्या संगणक कक्षातील दहा यंत्रांपैकी चालू स्थितीत दोनच उरली असून आठवीच्या हजेरीपटावर मात्र ४२ नावे आहेत. तेव्हा ऑनलाइन साधनांनी विज्ञान शिकविण्याचा मानस धरणाऱ्यास प्रथम हाच हिशेब सोडवावा लागतो. याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैराटच्या शाळेत २००७ साली प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता. ते भाग्य आमच्या वाट्यास आले नाही, परंतु एकाच पडद्यापुढे सारा वर्ग बसला म्हणजे मुले आपसांत जो वाद घालतात, तो मला यंत्राइतकाच मोलाचा वाटतो.

नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात आरंभिलेल्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशने एकदा उतरवून घेतली की इंटरनेटवाचून चालतात, आणि त्यांतील पुष्कळशी मराठीतही आहेत. ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या पाठाच्या वेळी मी पडद्यावर एका विद्युतघटाला दोन बल्ब एकसर जोडले, शेवटची तार तेवढी सुटी ठेवली, आणि ती जोडण्यापूर्वी प्रत्येकाने आपले भाकीत वहीत लिहावे हा माझा दंडक सांगितला. बहुतेकांनी दुसरा बल्ब मंद ठरविला. ‘पहिला बल्ब वीज खाणार ना, सर!’ तार जोडताच दोन्ही सारखेच उजळले, आणि इलेक्ट्रॉनांचे निळे ठिपके सर्वत्र एकाच गतीने सरकू लागले.

एवढ्यावर पाठ संपविण्याचा मोह होतो, तो आवरावा. मी बाजारातून आणलेले टॉर्चचे बल्ब, सेल आणि तारा गटागटांना वाटल्या, तो एका गटाचा दुसरा बल्ब खरोखरच मंद! ‘संगणकावर सारखे, मग इथे का नाही?’ हा प्रश्न ज्या मुलाने विचारला, त्याच्याकडे पाहून मला जो आनंद झाला तो कोणत्याही अचूक उत्तराने झाला नसता. उत्तर न देता मी दोन्ही बल्बांच्या जागा बदलावयास सांगितल्या. मंद बल्ब पहिल्या जागीही मंदच राहिला, आणि दोष जागेचा नसून बल्बाचा आहे हे त्या मुलांनी स्वतःच ताडले. पडद्यावरील बल्ब हुबेहूब एकसारखे असतात, दुकानातले नसतात, आणि हा भेद हाताला कळल्यावाचून पडद्याचे शिकविणे मी पुरे मानीत नाही.

पुढे रोह्यास एका शिक्षकमित्राच्या वर्गात तोच पाठ घेतला. तेथे प्रोजेक्टर नव्हता, म्हणून एकुलता लॅपटॉप बाकाबाकांवर फिरविला आणि ज्यांची पाळी आली नव्हती त्यांच्या हाती सेल व तारा दिल्या. ठिपके न्याहाळीत बसलेली एक मुलगी एकाएकी म्हणाली, ‘आमच्या कुंडलिकेचंही असंच आहे, सर. भिऱ्याला वीज काढून घेतात, पण पाणी तेवढंच राहतं, इथवर येतं.’ मुळशीच्या जलाशयाचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली उतरवून टाटांच्या भिरा केंद्रात १९२७ पासून वीज निर्माण होते, आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेतून रोह्याकडे वाहत येते. मी विचारले, ‘मग तिथे खर्च काय होतं?’

तिने खिडकीतून सह्याद्रीकडे पाहिले, थोडा वेळ घेतला, आणि म्हणाली, ‘उंची.’