जुन्या मोटारीचें इंजिन : घरीं बांधावें कीं मिस्त्र्यास द्यावें ?

घरची जुनी फियाट गाडी ताडपत्रीखालीं उभी असावी, तिचें इंजिन थकलेलें असावें, आणि शाळकरी मुलानें ‘मीच तें उघडतों’ असा हट्ट धरावा, असा प्रसंग एखाद्या कुटुंबावर येतो. वडील म्हणतात, मिस्त्र्यास देऊं. मुलगा म्हणतो, त्यांत काय कठीण आहे? दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें असतें. इंझोरीसारख्या गावीं फाळ पाजवून देणारा लोहार सांपडेल, परंतु सिलिंडर कातण्याच्या कामासाठीं अकोला-अमरावतीसारखें शहरच गांठावें लागतें. म्हणून विचार आधींच केलेला बरा.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें कुर्ला येथें ही फियाट ११०० वर्षानुवर्षें बांधिली. पुढें तीच ‘पद्मिनी’ झाली. तिचें उत्पादन थांबून वीस वर्षें लोटलीं, आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. अर्थात् सुटे भाग आतां शोधून आणावे लागतात. मोडलें तर नवें घेऊं, हा धीर येथें उपयोगी पडत नाहीं.

इंजिन कोणीं बांधावें, हें नंतर. तें उघडावयास हवें काय, हें आधीं पाहावें. निळसर धूर ही तेल जळत असल्याची खूण. काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याची, आणि तो दोष बहुधा कार्बुरेटरचा असतो. दाबमापक मिळवून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहावा. जेथें तो कमी भरेल तेथें प्लगच्या भोकांतून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हां मोजावें. दाब वाढला, तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत, कारण तेलानें ती फट घटकाभर बुजविली. न वाढला, तर संशय व्हॉल्व्हांवर किंवा हेडच्या गॅसकेटवर घ्यावा. इतकी परीक्षा घरींही होते, आणि पुढील सारा खर्च तिच्यावर ठरतो.

या इंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर. त्यांत पिस्टनभोवतीं असलेली मोकळीक मिलिमीटरच्या कांहीं शतांशांइतकीच. ती डोळ्यास किंवा नखास कळत नाहीं. सिलिंडर अंडाकृति झिजला असेल तर तो मोठा कातून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. पिस्टन हातीं आल्यावांचून सिलिंडर मात्र कातूं देऊं नये; त्या मापाचा पिस्टन मिळालाच नाहीं, तर कातलेला ठोकळा घेऊन बसावें लागेल. क्रँक घासणें व व्हॉल्व्हच्या बैठकी कापणें हींही यंत्राचींच कामें. येथें नुसती हौस चालत नाहीं.

उलट, खोलणें, धुणें व भागांस चिठ्ठ्या बांधणें हें काम मुलानें वडिलांच्या नजरेखालीं अवश्य करावें, असें मला वाटतें. पदार्थविज्ञानाचा असा पाठ वर्गांत मिळत नाहीं. बेअरिंगांच्या टोप्या ज्या जागेच्या व ज्या दिशेच्या, तेथेंच परत बसल्या पाहिजेत. हेड ॲल्युमिनियमचें असल्यानें त्याचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानें, मापाच्या पान्यानें आवळावे. अन्यथा तें वांकतें. इंजिन साखळीवर टांगलेलें असतां खालीं कोणीं हात घालूं नये. जुळणी मात्र पहिल्या खेपेस जाणत्या मिस्त्र्यास शेजारीं बसवूनच करावी.

खर्चाचें म्हणाल तर, घरीं केल्यानें मजुरीच तेवढी वांचते. भागांची किंमत व कातकाम तेंच राहतें, शिवाय हत्यारें घ्यावीं लागतात. गाडीवर रोजचें काम अडत असेल तर ती मिस्त्र्याकडेच जावी, कारण घरच्या कामास महिने लागतात. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत असतो. ठोकळाच बदलला तर परिवहन कार्यालयांत तशी नोंद करावी लागते.

मिस्त्र्याकडे काम सोंपवितांना झिजलेले भाग परत मागावे आणि मोजमापें कागदावर लिहून घ्यावीं. न मोजतांच ‘सगळें नवें टाकूं’ म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवूं नये.