मोटारसायकल वाहून नेण्यासाठी किफायतशीर वाहनाची निवड

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन शेजारी तालुके. शिरूर तालुक्यातून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो व त्यावरच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. त्याच्या कडेला यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ ही गावे आहेत आणि कुरकुंभ येथेही औद्योगिक वसाहत आहे. न्हावरे-चौफुला रस्ता या दोन महामार्गांना जोडतो. या टापूतील शेतकरी कुटुंबांत मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही. पहाटे दुधाच्या किटल्या डेअरीला पोचविणे, दिवसा विहिरीवरील मोटारीची देखरेख करणे आणि पाळीच्या वेळेस घरच्या मुलाला कारखान्यात नेणे ही सर्व कामे तिच्याकडून होतात. साहजिकच ती बंद पडली की घराचा दिनक्रम विस्कटतो.

अशा वेळी मोटारसायकल दुसऱ्या वाहनात घालून नेण्याचा प्रसंग येतो. यंत्र निकामी झाले, अपघात झाला, पुण्याहून जुनी गाडी विकत आणली, मुलाची नोकरी दूरच्या गावी लागली किंवा ऊसतोडणीची टोळी हंगाम संपवून आपल्या गावी निघाली, अशी कारणे अनेक असतात. त्यातूनच, दर वेळी भाड्याचा टेम्पो शोधण्यापेक्षा घरचेच एखादे लहान मालवाहू वाहन घ्यावे, हा विचार पुष्कळांच्या मनात येतो. विचार वावगा नाही. परंतु तो हिशेबावाचून अमलात आणला, तर मोटारसायकलीची सोय पाहता पाहता कुटुंबाच्या डोक्यावर पाच वर्षांचे कर्ज बसते. म्हणून खरेदीपूर्वी काही गोष्टींचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

वजन आणि माप

वाहनाची निवड करताना प्रथम वाहून न्यावयाच्या वस्तूचे वजन व माप माहीत असावे. ग्रामीण भागात सर्वत्र दिसणाऱ्या १०० सीसी वर्गातील मोटारसायकलीचे वजन सुमारे ११० किलो असते. १५० सीसीची गाडी १४५ ते १५० किलोपर्यंत जाते, तर ३५० सीसीची जड गाडी १९० किलोंच्या पुढे भरते. लांबी सर्वसाधारणपणे २ मीटर, म्हणजे साडेसहा फुटांहून थोडी अधिक असते. जड गाडी मात्र ७ फुटांपर्यंत जाते. हँडलपाशी रुंदी अडीच फुटांच्या आसपास भरते.

या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मोटारसायकल वाहून नेण्यासाठी फार ताकदीचे वाहन लागत नाही. पाचशे किलो माल नेणाऱ्या तीनचाकीलाही तिचे वजन सहज पेलते. अडचण येते ती लांबीची आणि हौद्याच्या उंचीची. यास्तव केवळ वाहनाची भारक्षमता विचारून न थांबता हौद्याची आतील लांबी, रुंदी व जमिनीपासूनची उंची स्वतः टेपने मोजून घ्यावी.

उपलब्ध वाहने

मालवाहू वाहनास टेम्पो म्हणण्याचा आपला प्रघात पुणे जिल्ह्यातीलच एका उद्योगाशी निगडित आहे. जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली व तिची तीनचाकी गाडी सर्वत्र पसरली. पुढे २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. तरी लोकांच्या तोंडी टेम्पो हा शब्द कायम राहिला आणि कोणत्याही लहान मालवाहू गाडीस तो लागू झाला. त्याच २००५ साली टाटा कंपनीने एस ही चारचाकी बाजारात आणली. दोन सिलिंडरांचे लहान डिझेल इंजिन असलेली ही गाडी 'छोटा हत्ती' या नावाने खेडोपाडी पोचली. आजमितीस शेतकऱ्यापुढे मुख्यतः पुढील प्रकार आहेत.

तीनचाकी मालवाहू रिक्षा : बारामती येथे तयार होणारी आपे ही त्यांपैकी परिचित होय. किंमत व देखभालीचा खर्च कमी आणि अरुंद गल्लीतून वळण्यास सोयीची. परंतु हौदा साधारणतः साडेपाच ते सहा फूट लांब असल्याने मोटारसायकल सरळ मावत नाही. ती कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी ठेवावी लागते. शिवाय तीन चाकांमुळे वळणावर तोल सांभाळावा लागतो आणि महामार्गावर वेग कमी पडतो. गाव ते तालुक्याचे गाव एवढ्या अंतरापुरती ती योग्य.

लहान चारचाकी : टाटा एस किंवा मारुती सुपर कॅरी या वर्गातील गाड्यांचा हौदा सुमारे ७ फूट लांब व ५ फुटांना थोडा कमी रुंद असतो. भारक्षमता ७५० किलोंच्या आसपास असते. नेहमीची मोटारसायकल यात सरळ उभी राहते व फाळका बंद करता येतो. दोन मोटारसायकली न्यावयाच्या असल्यास एकीचे तोंड पुढे व दुसरीचे मागे ठेवावे, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. या गाड्या सीएनजीवरही मिळतात आणि विजेवर चालणारी एस २०२२ साली जाहीर झाली. विजेची गाडी घेण्यापूर्वी घरी भारासाठी पुरेसा व खात्रीचा वीजपुरवठा आहे की नाही हे पाहावे.

पिकअप : महिंद्रा बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त इत्यादी गाड्यांचा हौदा आठ ते दहा फुटांचा आणि भारक्षमता सव्वा टनापासून पुढे असते. कांदा, ऊसाचे बेणे, खते, जनावरे यांसाठी ही गाडी उत्तम. केवळ मोटारसायकलीकरिता मात्र ती गरजेपेक्षा मोठी व महाग ठरते.

ट्रॅक्टर-ट्रॉली : घरी असल्यास वेगळी खरेदी नको, हा तिचा मोठा गुण. परंतु साध्या ट्रॉलीस स्प्रिंगा नसल्याने खड्ड्याचा प्रत्येक हादरा मोटारसायकलीच्या चौकटीस बसतो. हौदाही उंच असतो. शेतातून गावापर्यंत हळूहळू नेण्यास हरकत नाही. तथापि शेतीसाठी नोंदविलेला ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्याचा माल नेण्यास वापरल्यास अपघाताच्या वेळी विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, हे ध्यानी ठेवावे.

परवडण्याचा हिशेब

कमी किमतीचे वाहन ते परवडणारे वाहन, ही समजूत फसवी आहे. परवडते ते वाहन, ज्याची दर खेपेची किंमत भाड्यापेक्षा कमी पडते. यासाठी एक उदाहरण घेऊ.

समजा, न्हावरे परिसरातील एका कुटुंबाने लहान चारचाकी घेण्यासाठी ४ लाख रुपयांचे कर्ज दरसाल १० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी काढले. त्याचा मासिक हप्ता सुमारे ८,५०० रुपये होतो. विमा, कर, टायर व दुरुस्ती मिळून वर्षाला ३०,००० रुपये धरले, तर महिन्याला २,५०० रुपये पडतात. म्हणजे गाडी अंगणात उभी असली तरी दरमहा ११,००० रुपये खर्च होतात. आता जाऊन-येऊन ६० किलोमीटरच्या खेपेस भाड्याचा टेम्पो १,५०० रुपये घेतो व घरच्या गाडीस ३०० रुपयांचे इंधन लागते असे मानू. एका खेपेमागे १,२०० रुपये वाचले. ११,००० रुपये भरून निघण्यास महिन्याला नऊ ते दहा खेपा व्हावयास हव्यात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाडे व बँकेचा दर घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा.

वर्षातून दोन-चार वेळा मोटारसायकल न्यावी लागणाऱ्या कुटुंबाने वाहन विकत घेऊ नये, भाड्यानेच न्यावे, हे यावरून उघड होते. ज्याचा भाजीपाला आठवड्यातून तीन-चार वेळा बाजारात जातो, त्याला मात्र लहान चारचाकी लाभदायक ठरते. मोटारसायकलीची सोय ही त्याला वरकड मिळते. कांदा उत्पादकाने आणखी एक हिशेब करावा. एका एकराचा १० टन कांदा ५० किलोंच्या २०० गोण्यांत भरला, तर ७५० किलो क्षमतेच्या गाडीस १४ खेपा लागतात. १,७०० किलोंच्या पिकअपला तोच माल सहा खेपांत नेता येतो. म्हणून कांद्यासाठी लहान गाडी घेऊन तीवर जादा भार लादण्याचा मोह टाळावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारास २०,००० रुपये दंड व वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये अशी तरतूद आहे. एका दंडात अनेक खेपांची कमाई जाते.

दुचाकी दुरुस्ती करणाऱ्या तरुणाची गोष्ट वेगळी. शिरूर किंवा चौफुल्यासारख्या ठिकाणी गॅरेज असेल, तर रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या आणण्याचे काम त्याला वरचेवर मिळू शकते. त्याने सुस्थितीतील जुनी लहान चारचाकी घेणे हितावह. २ लाखांच्या कर्जाचा त्याच अटींवरील हप्ता सुमारे ४,२५० रुपये, म्हणजे निम्माच बसतो.

जुने वाहन घेताना

चासिस क्रमांक व इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. फिटनेस प्रमाणपत्र व विमा यांची मुदत तपासावी. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व ३५ क्रमांकाचा नमुना घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी २९ व ३० क्रमांकांचे नमुने भरून नोंदणी स्वतःच्या नावे त्वरित करून घ्यावी. रासायनिक खते वाहिलेल्या गाडीचा हौदा व चासिस गंजण्याचा संभव असतो. गाडीखाली शिरून हातोडीने हलके ठोकून पाहिल्यास पोकळ आवाजावरून गंज ओळखता येतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, ज्या मालवाहू गाडीचे भारासह एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत आहे, तिला १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील मालवाहतूक परवान्याच्या अटीतून सूट आहे. लहान चारचाकी या मर्यादेत बसते. मोठ्या पिकअपांपैकी काही तिच्याबाहेर जातात. ७,५०० किलोंपर्यंतचे हलके मालवाहू वाहन हलक्या मोटारीच्या लायसनवर चालविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

चढविणे व बांधणे

मोटारसायकलीचे नुकसान बहुधा प्रवासापेक्षा चढविताना व उतरविताना होते. हौदा अडीच फूट उंच असून फळी ५ फुटांची असेल, तर ११२ किलोंच्या गाडीस सुमारे ५६ किलोंचा रेटा द्यावा लागतो. फळी साडेसात फुटांची घेतल्यास तोच रेटा ३७ किलोंवर येतो. म्हणून जाड, लांब व न वाकणारी फळी घ्यावी आणि तिचे वरचे टोक हौद्यास घट्ट बांधावे. शेतकऱ्याजवळ याहूनही सोपा उपाय आहे. वाहन मागे घेऊन शेताच्या उंच बांधास किंवा रस्त्याकडेच्या दरडीस लावले, की मोटारसायकल जवळजवळ सपाटीवरून आत जाते.

एकाने हँडल व पुढील ब्रेक सांभाळावा आणि दोघांनी मागून रेटावे. ऐन चढावर गाडीच्या खालच्या बाजूस कोणी उभे राहू नये. आत गेल्यावर पुढचे चाक हौद्याच्या पुढील भिंतीस टेकवून मध्ये जुना टायर किंवा पेंढ्याची गोणी घालावी. गाडी साइड स्टँडवर न ठेवता सरळ उभी करून चार दिशांना चार पट्टे बांधावेत. पुढचे दोन पट्टे पुढील शॉकअप थोडे दबतील इतपत ताणावेत. आरसा, दिवा, क्लचची दांडी यांस दोर बांधू नये. सुताचा किंवा नायलॉनचा दोर प्रवासात सैल पडतो, म्हणून पाच-दहा किलोमीटरवर थांबून तो पुन्हा आवळावा. पेट्रोलचा कॉक असल्यास तो बंद करावा. गाडी आडवी टाकून नेणे सर्वस्वी अयोग्य. त्यामुळे पेट्रोल व बॅटरीतील आम्ल गळते. चाक हौद्याबाहेर लोंबते ठेवणेही धोक्याचे असून त्याबद्दलही २०,००० रुपये दंड होऊ शकतो. मोटारसायकल धरण्यासाठी हौद्यात माणूस बसविण्याची रीत तर जिवावर बेतणारी आहे. नीट बांधलेल्या गाडीस धरावयास माणूस लागत नाही.

दूरच्या प्रवासासाठी रेल्वे

शंभर-दीडशे किलोमीटरच्या पलीकडे टेम्पोचे भाडे परवडत नाही. दौंड हे मुंबई-सोलापूर मार्गावरील जंक्शन असून तेथून मनमाडकडे व बारामतीकडे फाटे जातात. मोटारसायकल रेल्वेने पाठविता येते. प्रवासाचे तिकीट असल्यास सामान म्हणून व नसल्यास पार्सल म्हणून ती नोंदवितात. टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे, गाडी पेंढा व गोणपाटाने गुंडाळावी, नोंदणीपुस्तक व ओळखपत्र यांच्या प्रती जवळ ठेवाव्यात आणि पाठविण्याचे व पोचण्याचे स्थानक ठळक अक्षरांत लिहावे. इच्छित गाडीने पार्सल घेतले जाते की नाही, याची चौकशी आदल्या दिवशीच पार्सल कार्यालयात करावी.

सारांश, क्वचित गरज असेल तर भाड्याचा टेम्पो, दूर न्यावयाची असेल तर रेल्वे, नेहमीचा भाजीपाला वा गॅरेजचा धंदा असेल तर लहान चारचाकी आणि शेतमाल मोठा असेल तरच पिकअप, हा क्रम ठेवावा. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी खेपा ठरवून घेऊन एकाच्या गाडीस नियमित काम दिले, तर तिचा हप्ता सुकर होतो व इतरांना कर्ज काढावे लागत नाही. वाहन कोणतेही असो, त्याचा हप्ता त्याच्याच खेपांतून फिटला पाहिजे. तो पिकाच्या पैशांतून भरावा लागू लागला, की वाहन परवडत नाही असे समजावे.